नेट न्यूट्रॅलिटीचं काय झालं, मन्याला पत्र

क्युपर्टिनो, रविवार

मन्या,

'तुमच्याकडचे ते नेट न्यूट्रॅलिटीचे नियम कोर्टाने उडवले म्हणे, मग नेटफ्लिक्स चालतंय का अजून?' असा तुझा मेसेज बघितला, व्हॉट्सॅपवर दोन ओळीत उरकावं असं हे प्रकरण नाही म्हणून निवांत लिहायला बसलोय, तूही चहा घेऊन वाच.

चालतंय रे, मस्त चालतंय. पण ते वॉशिंग्टनच्या कृपेने नाही, आमच्या कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये केलेल्या कायद्यामुळे, आणि तो कायदा होता होता कसा वाचला ते खरं सांगण्यासारखं आहे.

तू स्वतः कोल्हापुरात ब्रॉडबँडच्या लाइनी टाकतोस, त्यामुळे नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीने कुठलीही साइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, की पैसे घेऊन पुढे काढायची नाही, हे तुला समजवायला नको. इथल्या भांडणाचं मूळ १९९६ च्या टेलिकॉम कायद्यात आहे. फोनसारखी सेवा असेल तर कडक नियम लागतात, माहिती पुरवणारी सेवा असेल तर जवळपास मोकळीक, आणि ब्रॉडबँड यातलं नेमकं कशात बसतं हे त्या कायद्यात धड लिहिलेलंच नाही, तेव्हा लोक डायल-अपवर होते ना. मग ते ठरवायचं एफसीसी नावाच्या पाच जणांच्या कमिशनने, म्हणजे इथल्या टेलिकॉम रेग्युलेटरने, ज्यात तीन जण राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचे असतात. भाडेकरू बदलला की घराचा रंग बदलतो तसं चाललंय सगळं. २०१५ मध्ये ओबामाच्या वेळी ३-२ ने नियम आले, १४ डिसेंबर २०१७ ला ट्रम्पच्या वेळी ३-२ ने गेले, एप्रिल २०२४ मध्ये बायडेनच्या वेळी परत ३-२ ने आले! आकडा तोच, फक्त बाजू बदलते.

२०१७ ला नियम रद्द करणारा एफसीसीचा चेअरमन अजित पै. आमच्या सासूबाई तेव्हा इथे होत्या, पै आडनाव ऐकून एकदम खूश, 'अगो, हे आपले कोकणीच की', आणि मी जेवताना त्याला शिव्या घालत होतो, पंचाईत नुसती. त्या वेळी जनतेकडून मतं मागवली तर २ कोटी २० लाख आली. मला वाटलं काय जागृत पब्लिक आहे! पुढे २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत निघालं की त्यातली जवळजवळ १ कोटी ८० लाख खोटी. ८५ लाखांच्या मागे ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशाने चाललेली मोहीम होती, लोकांची नावं त्यांना न विचारता वापरलेली. आणि आपल्या, म्हणजे नियम हवेत म्हणणाऱ्या बाजूनेही काय दिवे लावले बघ, १९ वर्षांच्या एका कॉलेजच्या पोराने एकट्याने ७७ लाख ठोकून दिली, खोट्या नावांनी.

मग प्रकरण काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत गेलं. मे २०१८ ला सिनेटने पै साहेबांचा निर्णय रद्द करायचा ठराव ५२-४७ ने पास केला, तीन रिपब्लिकनसुद्धा फुटले, पण खालच्या सभागृहात तो मतदानाला आलाच नाही. २०१९ मध्ये उलटं झालं, खालच्या सभागृहाने २३२-१९० ने अख्खं बिल पास केलं आणि सिनेटने ते बासनात गुंडाळून ठेवलं. कंपन्या मात्र कायम म्हणणार, काँग्रेसने एकदाच काय तो कायदा करावा. साहजिक आहे, काँग्रेस काही करत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

आता सॅक्रामेंटो, आमच्या राज्याची राजधानी. सॅन फ्रान्सिस्कोचे राज्याच्या सिनेटमधले सिनेटर स्कॉट वीनर यांनी एसबी ८२२ नावाचं बिल आणलं, २०१५ च्या नियमांपेक्षाही कडक. जून २०१८ मध्ये ते असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहाच्या कमिटीपुढे गेलं, अध्यक्ष मिगेल सँटिआगो, तेही डेमोक्रॅटच बरं का, लॉस एंजेलिसचे. मी लंच टाइमला डबा उघडून लाइव्ह बघत होतो. आदल्या रात्री कमिटीने दुरुस्त्या पुढे आणल्या, त्यात झीरो रेटिंगवरची, म्हणजे ठरावीक ॲपचा वापर डेटात न मोजण्यावरची बंदी गेली, दुसऱ्या नेटवर्ककडून येणारा ट्रॅफिक आत घ्यायला वेगळे पैसे लावायचे नाहीत ही अट पण गेली, म्हणजे नाव तेच ठेवून आतला जीव काढून घेतला. आणि सकाळी वीनर आपली बाजू मांडायच्या आधीच त्या दुरुस्त्यांवर मतदान उरकलं! माणूस अक्षरशः म्हणायला लागला की असं असेल तर मी बिल मागेच घेतो, तर तेही घेऊ देईनात. आपल्याकडे गोंधळात आवाजी मतदानाने बिलं पास होतात म्हणून नावं ठेवतो आपण, इथे गोंधळ पण नाही, सगळं कसं शांतपणे, इस्त्रीचे कपडे घालून.

पण त्यानंतर लोकांनी जी बोंब मारली, फोन काय, ईमेल काय, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात समेट होऊन काढलेली कलमं परत आली.

आणि ऑगस्टमध्ये आमच्याच सांता क्लारा काउंटीच्या फायर ब्रिगेडची गोष्ट बाहेर आली. मेंडोसिनोला राज्याच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा वणवा पेटलेला, यांची कंट्रोलची गाडी तिथे, आणि व्हेरायझन या मोबाइल कंपनीने त्या गाडीच्या नेटचा स्पीड पार दोनशेव्या हिश्शावर आणून ठेवला, का तर प्लॅनची लिमिट संपली. प्लॅनचं नाव अनलिमिटेड! जवान मेल करतायत की आग विझवायचं काम अडतंय, तर उत्तर आलं की महागडा प्लॅन घ्या. खरं सांगायचं तर हे काटेकोरपणे नेट न्यूट्रॅलिटीचं उल्लंघन नाहीच, डेटा संपला म्हणून स्पीड कमी करणं वेगळं, व्हेरायझनने पण कस्टमर सपोर्टची चूक म्हणून हात झटकले. पण असेंब्लीत मतदान तोंडावर असताना ही बातमी आल्यावर कंपन्यांची बाजू घ्यायला कोणाची जीभ रेटणार?

राज्याच्या सिनेटमध्ये २७-१२ ने शेवटचं मतदान झालं, ३० सप्टेंबरला गव्हर्नर जेरी ब्राउन यांची सही, आणि त्याच दिवशी केंद्राच्या न्याय खात्याने राज्यावर केस ठोकली. शाई वाळू दिली नाही. ती केस २०२१ मध्ये बायडेन सरकारने मागे घेतली, कंपन्यांच्या संघटना लढत राहिल्या आणि जानेवारी २०२२ ला अपील कोर्टात हरल्या. तोवर मार्च २०२१ मध्ये एटी अँड टी या टेलिकॉम कंपनीने तेव्हा स्वतःचं असलेलं एचबीओ मॅक्स हे व्हिडिओ ॲप डेटात न मोजण्याची स्कीम गुंडाळली, नुसती कॅलिफोर्नियात नाही, देशभर.

आता तू वाचलेली बातमी. २ जानेवारी २०२५ ला सिनसिनाटीच्या अपील कोर्टाने २०२४ चे नियम उडवले, म्हणजे स्थगितीमुळे ते तसेही लागू झालेच नव्हते. सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये ठरवलं होतं की कायदा संदिग्ध असला तर सरकारी खात्याचा अर्थ कोर्टाने मुकाट मानायचा नाही, त्याचा आधार घेतला. म्हणजे उद्या व्हाइट हाऊसमध्ये कोणीही येऊ दे, एफसीसीच्या ३-२ ने हे नियम आता परत आणणं महाकठीण, एक तर काँग्रेसने कायदा करायचा नाहीतर राज्यांनी आपापलं बघायचं. ज्या राज्याने काही केलं नाही तिथे रान मोकळं. तिथेही लगेच काही बंद पडणार नाही, कंपन्या वेड्या नाहीत, पण आमच्या गल्लीत केबल कंपनी एकच आहे, ती उद्या वाकडं वागली तर मी जाणार कुठे? तुझ्या गिऱ्हाइकाला तू नको असलास तर समोरच्या टपरीवर दुसरा उभा आहे.

आणि तू फार हसू नकोस. फेसबुकच्या फ्री बेसिक्सला, त्या ठरावीक साइट फुकट देणाऱ्या स्कीमला, तुमच्याकडून हाकललं ते ट्राय या टेलिकॉम रेग्युलेटरने, ८ फेब्रुवारी २०१६ ला, दिवसाला ५० हजार रुपये दंड लावून. २०१५ ला ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले होते, त्यातला एक तुझा, मीच तुला मसुदा पाठवलेला, आठवतंय? पण तोही रेग्युलेटरचा नियमच, पुढे २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचं जे झालं ते कंपन्यांच्या लायसन्सच्या अटींमध्ये, संसदेने मुद्दाम असा कायदा केलेला नाही. तेव्हा तू ज्यांची फ्रँचायझी चालवतोस त्यांच्या लायसन्समध्ये ते कलम नेमकं काय शब्दात आहे ते बघ ना एकदा, फोटो काढून पाठव, मला खरंच वाचायचंय.

बाकी काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं, ऑपरेशन करतायत का अजून तेलच चोळतायत? वहिनींना नमस्कार सांग. डिसेंबरात येतोय, तिकीट काढलं की कळवतो.

तुझा,
सच्या