झाडावर चढणारे दादा, चुलीवाल्या काकू, रद्दीवाले काका... मनापासून आभार!

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या सदाहरित जंगलातून वनस्पतींचे सगळे नमुने घेऊन बडोद्याला सुखरूप पोचलोय, आता आधी आभार मग बाकीचं.

झाडावर चढणारे दादा, तुमच्याशिवाय काहीच झालं नसतं, कारण तिकडे झाडं तीस-तीस मीटर उंच आणि फुलं पार शेंड्याला, नुसत्या पानांवरून ओळख पक्की होत नाही, आणि तुम्ही कमरेला कोयता खोचून वर गेलात, मुंग्यांनी फोडून काढलं तरी फांदी दोरीने अलगद खाली सोडलीत, एक पाकळी गळली नाही! चीक, सालीचा वास, फुलाचा रंग लगेच लिहून घ्या, वाळल्यावर राहत नाही, हेही तुम्हीच बजावत होतात.

काकूंनी प्रेस, म्हणजे नमुने कागदांत दाबून वाळवायची चौकट, चुलीवरच्या माळ्यावर ठेवू दिला. त्या पावसात कागद रोज बदलले तरी बुरशी धरते, धगीमुळे वाचलं सगळं. आणि कागद म्हणजे आपल्या दांडिया बाजारातल्या काकांनी फुकट दिलेली गुजराती पेपरची रद्दी.

मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचे १२ खंड १६७८ ते १६९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापले, त्यात वनस्पतींची माहिती देणाऱ्या केरळच्या इट्टी अच्युतन वैद्यांचं नाव आहे, पण फांद्या आणून देणारी कितीतरी माणसं निनावीच राहिली, मला हे फार लागतं. तुम्ही नाव नको म्हणालात म्हणून इथे घालत नाही, पण प्रत्येक लेबलवर 'गावकऱ्यांच्या मदतीने' लिहिलंय. शीट्स, म्हणजे वाळलेले नमुने चिकटवलेले कागद, तयार झाल्या की त्यांचे फोटो गावच्या शाळेत पाठवतो.