काका, मांडवीकाठचं वाळवंट गेलं!

काका, नमस्कार.
फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

झालं काय, फ्लाइटगिअरमध्ये, म्हणजे माझ्या विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये, आपला गोवा बघवत नव्हता. मोपा विमानतळावरून उडून दाबोळीच्या विमानतळावर जायचं म्हणजे वाटेत शापोरा, मांडवी, जुवारी सगळ्या लागतात, पण मधली जमीन कुठल्याही देशातली वाटावी अशी. मग युरोपियन स्पेस एजन्सीचा वर्ल्डकव्हर उतरवला, म्हणजे कुठे शेत, कुठे पाणी, कुठे वस्ती ते प्रत्येक ठिपक्याला कोड देऊन सांगणारा नकाशा, 2021चा, फुकट मिळतो आणि ठिपका 10 मीटरचा आहे. माझ्या लॅपटॉपला तो झेपेना म्हणून 30 मीटरवर आणला, सीनरी बिल्ड केली, उडालो, आणि बघतो तर मांडवीच्या दोन्ही काठांना उजाड जमिनीची पट्टी! शेत संपून पाणी सुरू होतं तिथे तिथे वाळवंट. पंधरा दिवस सीनरी बनवणाऱ्या टेरागिअरला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

तुम्ही स्क्रीनशॉट बघून एवढंच विचारलंत, "रिसॅम्पलिंगला काय ठेवलंयस?" म्हणजे ठिपके मोठे करताना नवा आकडा कसा काढतोस. म्हटलं बायलिनियर, आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी, उंचीच्या डेटाला तेच वापरतो की. तुम्ही हसलात. "अरे, पणजीचा पिनकोड 403001, मडगावचा 403601, दोघांची सरासरी काढून पत्र टाकलंस तर जाईल कुठे?" मग कागदावर मांडून दाखवलंत, शेताचा कोड 40, पाण्याचा 80, मधोमध 60, आणि 60 म्हणजे उजाड! झाडी 10 आणि वस्ती 50, त्यांच्यामध्ये 30 म्हणजे गवत, म्हणूनच प्रत्येक वाड्याभोवती लॉन उगवलं होतं. नियरेस्ट नेबर, म्हणजे सरासरी न काढता जवळच्या ठिपक्याचाच कोड, ठेवून परत चालवलं आणि वाळवंट गायब. (पायऱ्यापायऱ्यांचे काठ सरळ करताना एकेक तुकडा वेगळा गुळगुळीत केला तर मध्ये फटी पडतात, म्हणून ग्रास या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सामाईक हद्दीसकट करायचं, हेही तुमचंच.)

पण खरं थँक्यू खाजनासाठी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांसाठी. मांडवीतल्या चोडण बेटावरच्या खाजनाचा अर्धा भाग डेटात शेत, थोडा पाणथळ, थोडा चक्क पाणी, आणि मी म्हणत होतो डेटा खराब आहे. तुम्ही ऐन उन्हात मला स्कूटर काढायला लावलीत, रायबंदरहून फेरीबोट, आणि बांधावर उभं करून मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दाखवलीत. भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला आतलं सोडून द्यायचं, पावसात भात, मग त्याच जागी मासळी. "सॅटेलाइट खोटं बोलत नाही रे, ते ज्या दिवशी आलं त्या दिवशीचं सांगतं." त्या संध्याकाळी घरी येऊन सगळी खाजनं हाताने काढली, भातशेती म्हणून, आणि एका जागी दोन प्रकार आले तर कुठला धरायचा त्या प्रायॉरिटीच्या यादीत पाणथळीच्या वर ठेवली.

आता खाली हिरवीगार चौकटी-चौकटींची शेतं दिसतात, कडेला खारफुटी. शंका आली की "काकांना विचारू" हे तोंडातून आपोआप निघतं, त्याला तुम्हीच जबाबदार.

एक राहिलंय. मानस काही 10 मीटरच्या ठिपक्यात सापडत नाही, तिचं छोटं मॉडेलच करायला घेतलंय. फोटोत दाराच्या फळ्या नीट आल्या नाहीत, रविवारी परत चोडणला येता? पेट्रोल माझं, सोलकढी तुमची.

देव बरें करूं.