साहेब, माझं नाव छान गुप्त राहिलं!

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या हिवाळी अधिवेशनात आपण नागपूरच्या एका कार्यक्रमात म्हणाला होता, "कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार बेधडक कळवावेत, नाव गुप्त राहील." मी मागच्या रांगेत होते. टाळ्याही वाजवल्या. जानेवारीत आपल्याला पत्र पाठवलं.

परवा सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. सोबत माझ्याच पत्राची झेरॉक्स, सहीसकट. वर आपल्या कार्यालयाचा आवक शिक्का, खाली हिरव्या शाईत "उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित". ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, त्यांच्याकडेच! नोटिशीत आरोप काय, तर कार्यालयीन माहिती बाहेर दिली. म्हणजे आपण बाहेरचे.

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेत कनिष्ठ लिपिक. नालेसफाईच्या कंत्राटी मजुरांचं मस्टर माझ्या टेबलावरून जायचं. कागदावर २२ माणसं, नाल्यावर १३. कागदावरच्या एकाच्या तेरवीला मी स्वतः जेवून आले होते. पुढच्या महिन्यात त्याचे २६ दिवस भरले. रोजी ५०० धरली तर नऊ जणांचे महिन्याला १ लाख १७ हजार, वर्षाचे चौदा लाख. रोजी थोडी कमीजास्त असेल, बिलं आता मला दिसत नाहीत. सगळ्या कार्यालयांचा हिशेब मांडला तर कोटींत जाईल, आपणच मांडा.

मार्चमध्ये मला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. वर पत्रे, बाहेर नागपूरचा मे महिना. खिडकीत कूलर आहे, त्यात मोटर नाही. ज्या बायकांसोबत चौदा वर्षं डबा खाल्ला, त्या आता मी यायच्या आत जेवून घेतात. गोपनीय अहवालात "वरिष्ठांशी असहकार". बीपीची गोळी सुरू झाली. सासूबाई रोज विचारतात, पगार तर थांबणार नाही ना? एक शिपाईदादा तेवढे बोलतात, तेही जिन्यात, हळूच: "मॅडम, कायले पडल्या याच्यात? लेकरं हायेत ना आपल्याले."

त्याच जिन्यात लाचलुचपतवाल्यांच्या १०६४ या तक्रार क्रमांकाचं पोस्टर आहे. त्याच्यावर पान थुंकलेलं.

२००२ मध्ये महामार्गाच्या कामातले अभियंते सत्येंद्र दुबेंनी तिथल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणाले, आणि २००३ मध्ये गयेत त्यांना गोळी घातली गेली. मग २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार कळवणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा झाला. राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करायची अधिसूचना काही निघाली नाही. उलट २०१८ पासून अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायला पोलिसांना आधी वरची परवानगी लागते. माझ्यासाठी एक शिपाई अन् एक पाकीट पुरलं. कोणाच्या संरक्षणाला किती घाई, ते बघा.

दरवर्षी डिसेंबरात सरकार इथे येतं, रस्ते रंगतात, मोर्चे अडवले जातात, निवेदनं घेतली जातात. ती निवेदनं पुढे कोणाच्या टेबलावर जातात, हे मला आता कळलं.

नोटीस मागे घ्या. माझं पत्र कोणी खाली पाठवलं, ते शोधा. आणि त्या मेलेल्या माणसाची मजुरी कोण उचलतं, तेवढं विचारा.

उत्तराला सात दिवस दिलेत, दोन गेले. यावेळी पत्र सगळ्यांसमोरच लिहिलंय. अग्रेषित करायचा त्रास आपल्याला नको.

आपली,
रेकॉर्ड रूममधली एक कनिष्ठ लिपिक, नागपूर
(नाव आपल्या कार्यालयात आहेच.)