घरोघरी हौद-पाहणीसाठी मदतीचे नम्र आवाहन

सर्व सभासद, देणगीदार आणि हितचिंतक बंधू-भगिनींना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. कार्यकारिणीची बैठक काल रात्री उशिरा संपली आणि पहिल्या पावसाआधी हे पत्रक आपल्या हाती पडावे म्हणून घाईने लिहीत आहे. काही राहून गेल्यास सांभाळून घ्यावे.

घरोघरच्या हौदांत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या शोधण्याचा हा हौद-पाहणीचा उपक्रम आपण सोलापूरच्या पूर्व भागातील दोन गल्ल्यांपासून सुरू केला, तेव्हा मंडळाकडे एक वही आणि एक बॅटरी एवढेच साहित्य होते. निवृत्त विज्ञान शिक्षक असलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी पदरच्या पैशांतून दहा भिंगे आणून दिली आणि मुलांना ती कशी धरावीत हे स्वतः शिकवले. चादरीचा कारखाना असलेल्या एका सभासदांनी बॅरलची तोंडे बांधण्यासाठी कापडाचे तागे दिले. नाव छापायचे नाही ही त्यांची अट आम्ही आजही पाळत आहोत. पत्रकाचे तेलुगू आणि कन्नड भाषांतर दोन शेजाऱ्यांनी रात्री जागून केले, म्हणून ते घरातल्या आजींपर्यंत पोहोचले. विडी कामगार भगिनींनी आठवड्याच्या पगारातून दहा-दहा रुपये बाजूला काढून ब्रश घेऊन दिले, हे ऋण मंडळ कधीही विसरणार नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात 1910 साली जन्मले आणि 1938 साली परक्या देशातील जखमींची सेवा करण्यासाठी चीनला गेले, ही गोष्ट आमचे स्वयंसेवक अभिमानाने सांगतात आणि त्याच अभिमानाने शेजारच्या हौदात वाकून पाहतात.

हौदातच का पाहायचे, असे अजूनही विचारले जाते. आपल्याकडे नळाला कधी चार, कधी पाच दिवसांनी पाणी येते, त्यामुळे हौद, रांजण, बॅरल, टाकी, जे मिळेल ते भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडीस डासाला नेमके असेच साठवलेले, स्वच्छ पाणी लागते. गटाराशी त्याचा फारसा संबंध नाही. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या सुमारास. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, हौदाच्या ओल्या भिंतीला चिकटवून. हौद रिकामा करून उन्हात वाळवला तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात, म्हणून नुसते पाणी ओतून न देता भिंत ब्रशने खरवडून घासावी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला, म्हणजे त्या दिवशी साठवणीची सगळी भांडी रिकामी करून, घासून वाळवली, तर अळीचा डास होत नाही. जो हौद रिकामा करताच येत नाही, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. धूरफवारणीने उडते डास मरतात, अळ्या मात्र पाण्यात तशाच राहतात.

गेल्या पावसाळ्यात एका घरी पाचवीतल्या मुलीने काचेच्या पेल्यात हौदाचे पाणी घेऊन बॅटरी मारली. पृष्ठभागाशी डोके खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या वळवळत तळाशी पळाल्या. ‘पाणी तर काचेसारखे आहे’ असे सांगणाऱ्या त्या घरच्या काकूंनी भिंगातून एकदा पाहिले आणि पदर खोचून स्वतःच हौद घासायला घेतला. आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या पेल्याने जास्त काम केले.

ताप आला की सुई टोचून घ्यायची, एवढ्यावर आपले भागत नाही, कारण प्रत्येक ताप वेगळा असतो. डेंग्यूचा ताप एकदम चढतो, डोळ्यांच्या मागे आणि सांध्यांत दुखते, अंगावर पुरळ येते. तो विषाणूचा आजार असल्याने अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही, आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. खरी काळजी घ्यायची ती ताप उतरताना: पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा रुग्ण गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर तासभरही वाट न पाहता रुग्णालय गाठावे. विषमज्वर (टायफॉइड) मात्र जिवाणूचा आजार आहे. त्याचा ताप दिवसागणिक चढत जातो आणि त्यावर अँटिबायोटिक लागतेच, तेही डॉक्टरांनी सांगितलेले पूर्ण दिवस. तो पसरतो मैलाने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. नळ बंद असताना गळक्या वाहिनीत बाहेरची घाण शिरू शकते, म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी धरू नये आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

एक खंत मांडल्यावाचून राहवत नाही. गेल्या वर्षी माहिती सभेची निमंत्रणे आम्ही घरोघर नेऊन दिली, तरी मोजून अकरा जण आले. काही दारे उघडलीच नाहीत, आणि ‘पोरांचा खेळ’ हे शब्द आमच्या मुलांनी जिन्यात उभे राहून ऐकले. पुढे भाद्रपदात त्यांतल्याच दोन घरांतून रात्री रक्तदात्यांसाठी फोन आले, तेव्हा तीच मुले धावली. यात उपकाराची भाषा नाही. दार वेळेवर उघडले असते तर तो फोन करण्याची पाळी कदाचित आली नसती, एवढेच वाटत राहते.

यंदा सात गल्ल्या घेतल्या असून दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी सात ते दहा पाहणी होईल. ब्रश, बॅटऱ्या, झाकणाचे कापड आणि तीन भाषांतील पत्रकांची छपाई यांसाठी 42,000 रुपये लागतील, पैकी 11,500 जमले आहेत. देणगी रोख किंवा मंडळाच्या नावे धनादेशाने कोषाध्यक्षांकडे संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत द्यावी आणि पावती अवश्य मागून घ्यावी. जुन्या चादरी, झाकणे व बॅटऱ्याही चालतील. गप्पी माशांसाठी बरणी घरून आणावी. स्वयंसेवकांनी, विशेषतः तेलुगू व कन्नड बोलणाऱ्यांनी, येत्या शनिवारपर्यंत नाव नोंदवावे. ज्यांना यापैकी काहीच जमणार नाही, त्यांनी रविवारी मुलांनी कडी वाजवली की दार तेवढे उघडावे, ही विनंती.

आपला नम्र,
चिटणीस