गोव्यातल्या साखळी गावच्या मोबाईल दुकानातल्या मुलास

पुता,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. समोर आभार मानले की "कांय ना, बाई" म्हणतोस आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतोस. म्हणून हे पत्र. एवढं तरी शेवटपर्यंत वाच.

जुलैत मी दुकानात आले तेव्हा वाळवंटी नदी दुथडी भरून वाहत होती आणि माझी छत्री उलटी झाली होती. माझं किंडल, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, मात्र दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोरडं होतं. २०१९ साली आलेलं, सहा इंची, सगळ्यात स्वस्त मॉडेल. नवं ७,९९९ रुपयांचं, मी ते ओळखीतल्या एकांकडून चार हजारांना वापरलेलं घेतलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुकानात मला सांगितलं गेलं होतं की पान उलटताना स्क्रीन काळी होते, म्हणजे ती जाण्याच्या बेतात आहे. शिवाय मराठी यावर धड दिसणार नाही, मोठा टॅब घ्या. पेन्शनीतून एवढे पैसे कसे काढायचे, हा हिशेब करतच मी तुझ्या दारात उभी होते.

तू दोन-तीन पानं उलटलीस आणि म्हणालास, "कांय जावंक ना, बाई. मशीन बरें आसा." मग स्टूल पुढे केलंस.

तू जे सांगितलंस ते मी पोरांना शिकवावं तसं आता शेजारणींना सांगते. या पडद्यात बारीक बारीक कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेचा एक झटका मिळाला की काळे वर येतात, तिथे अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडे-आठवडे चालते. आणि ते काळं होणं? मागच्या पानाची सावली उरू नये म्हणून पडदा स्वतःला पुसून घेतो. फळा पुसल्याशिवाय दुसरा धडा लिहायचा नाही, हे मी एकतीस वर्षं वर्गात पाळलं. तरी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला तिथेच एक टॅब विकता आला असता. तुझ्या मागच्या काचेत तीन होते, मी पाहिले.

दुसरं दुखणं अक्षरांचं. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचा पडदा झिजलाय. भाच्याने भरून दिलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची. तू म्हणालास, हा पानाचा फोटो आहे, फोटोतलं अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब नावाची पुस्तकाची फाईल असेल तर अक्षर वाढतं आणि ओळी आपल्याआपण नव्याने बसतात. मग मराठी विकिस्रोत नावाचं संकेतस्थळ उघडून दाखवलंस. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटलेली, हक्क संपलेली पुस्तकं तिथे लोकांनी टाईप केलीत, मूळ पानाच्या फोटोशी ओळ न् ओळ ताडून. एकाने तपासलेलं पान पिवळं, दुसऱ्यानेही तपासलं की हिरवं. जन्मभर लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ तपासलेल्या बाईला ते हिरवं पान बघून काय वाटलं असेल, सांग. कोण कुठली माणसं, फुकट बसून हे करतात!

जुन्या मालकाचं खातं काढून माझं घातलंस. प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, त्यावर ईपब पाठवलं की पुस्तक आत येतं, हेही तुझ्याकडूनच कळलं. तो पत्ता तू बिलाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलास. तो कागद देवघराच्या खणात आहे. बिलावर रक्कम मात्र तू लिहिलीच नाहीस.

आमच्या घरात बोलणं सगळं कोंकणीतून, पण वाचन मराठी. भजन मराठी, वर्तमानपत्र मराठी, ह्यांचं कपाट मराठी. ते कपाट गोव्याच्या पावसाने खाल्लं. डांबरगोळ्या ठेवल्या, कडुनिंबाचा पाला ठेवला, तरी चार पावसाळ्यांत पानं एकमेकांना चिकटली, उरलेलं वाळवीने नेलं. ह्यांच्या मागे मला ती पुस्तकं उघडवत नव्हती आणि उघडली तरी वाचवत नव्हती.

आता एका पानावर सातच ओळी येतात, पण येतात. दुपारी बल्कावात, घरापुढच्या ओसरीवर, बसते. फोनचा पडदा उन्हात आंधळा होतो, याचा उन्हात जास्तच लख्ख होतो. ऑगस्टमध्ये दोन रात्री वाड्यावर लाईट नव्हती. याचा स्वतःचा मंद उजेड आहे, कडेने पानावर पडणारा, डोळ्यांत न घुसणारा. मी मंडपातल्या कंदिलाखाली वाचायची तशी वाचत बसले. बाहेर माडांवर पाऊस आणि आत मी एक जुना प्रवास वाचतेय, बैलगाडीतला. पुढच्या पानासाठी कडेला बोट टेकलं, पडदा काळा झाला, आणि मी तुझी आठवण काढली. अजूनही दर वेळी काढते.

तू सांगितल्याप्रमाणे विमानाचं चिन्ह चालू ठेवते. चवथीच्या आधी चार्ज केलं होतं, पाहुणे आले नि गेले, तरी बॅटरी अर्धी आहे.

शेजारच्या मावशींनीही आता एक जुनं घेतलंय. त्यांना अभंग हवेत, मोठ्या अक्षरांत. गुरुवारी आम्ही दोघी अकराच्या कदंब बसने येतो. हळदीची पानं अजून आहेत, पातोळ्या करून आणते. पैसे घेतले नाहीस ते नाहीस, डबा परत करायचा नाही.

तुझी,
बाई