आप्पा, गोधडीची भरपाई बाकी आहे

आदरणीय आप्पा,
सादर नमस्कार.

मॉडमध्ये (म्हणजे तयार गेममध्ये मी केलेल्या फेरबदलांत) तुमचं नाव टाकू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "मन्हं नाव तठे कसाले?" म्हणून नाव न घेताच चारचौघांत आभार मानतो. नातू वाचून दाखवेलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन लढायांच्या एका गेमवर मी तीन वर्षं मॉड करतोय. मूळ गेममधलं युरोपातलं सैन्य तसंच ठेवून त्यात मी फारुकी घराण्याचा खानदेश घातलाय : १३८२ च्या सुमाराचं थाळनेर, तापीचा काठ, घोडदळ. नकाशा बरा जमला होता. हत्यारं मात्र सगळी सिनेमात पाहिलेली. लांब तलवारीचं वजन मी साडेचार किलो ठेवलं होतं. लोखंड म्हटलं की जड, एवढीच माझी अक्कल.

मे महिन्यात बाबांचा केळीचा कोयता शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार लावून घ्यायला तुमच्या लोहारशाळेत आलो. भट्टी तापेपर्यंत वेळ होता, म्हणून मोबाईलवर तलवार दाखवली. वजन ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "हाई तलवार शे का मुसय?" आणि हातात घण दिलात. एका हाताने दहा वेळा फिरव म्हणालात. चौथ्याला माझं मनगट गेलं. घरी येऊन नीट वाचलं, तर खरी युरोपीय लांब तलवार साधारण दीड किलोची, आणि तीही दोन्ही हातांनी धरायची. पूर्ण पोलादी चिलखतसुद्धा वीस-पंचवीस किलोचं, पण ते सगळ्या अंगावर वाटलेलं. माझे शिपाई ते घालून चिखलातल्या म्हशीसारखे चालत होते. आता पळतात.

पण खरी गोष्ट वजनाची नव्हतीच. तुम्ही ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता बोटावर तोलून दाखवलात. तोल पुढे, म्हणून तो आपल्याच भाराने घडात उतरतो. पण हुकला तर परत आणायला वेळ लागतो. तलवारीचा तोल मुठीजवळ, म्हणून हात लगेच वळतो. हे कळल्यावर मी प्रत्येक हत्याराला तोलाचा वेगळा आकडा दिला. कुऱ्हाडवाल्याचा वार चुकला की आता त्याची धडगत नसते.

मग कड्यांचं चिलखत. माझं तर विणलेल्या स्वेटरसारखं दिसायचं. तुम्ही तारेची कडी नुसती वळवून दिलीत, ती मी खिळ्याने उघडली. दुसरीची टोकं चपटी करून, भोक पाडून, रिव्हेट मारलीत. ती काही केल्या उघडेना. त्या एका कडीला तुम्हाला वीस मिनिटं लागली. सराव नाही म्हणून, हे तुमचंच म्हणणं. पण एका अंगरख्याला अशा वीस-तीस हजार कड्या लागतात. संध्याकाळी घरी बसून मी मॉडमधल्या चिलखताची किंमत सहापट केली. आता ते फक्त सरदारांना परवडतं. (त्यांच्या छातीवर चढवलेला चारआईना, म्हणजे चार पोलादी पत्र्यांचा जोड, तोही काढला. दिसायला झकास, पण त्या काळाला शोभणारा नाही.)

साध्या शिपायांना काय घालू, हा प्रश्न होता. कापसाच्या मुलखात राहून मला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं. मायची गोधडी चौघडी करून ज्वारीच्या पोत्यावर टाकलीत आणि विळ्याने मार म्हणालात. वरचे दोन थर फाटले, पोतं शाबूत. मग लोखंडी पहारीचं टोक खुपसलंत, ते थेट ज्वारीत. कापणं, भोसकणं, ठेचणं हे तीन वेगळे आकडे गेममध्ये आधीपासूनच होते. मी ते अंदाजाने भरले होते. आता रुईभरल्या अंगरख्याचे आकडे त्या पोत्यावरून ठरलेत. माय मात्र तुम्हाला संध्याकाळपर्यंत बोलत होती, आणि कळण्याची भाकरी वाढताना मलाही.

एका बाबतीत तुमचं ऐकलं नाही. तलवार वाकडीच हवी, असा तुमचा हट्ट होता. मी सरळ, रुंद खांडाही ठेवलाय. तो आपल्याकडे जुनाच आहे, आणि मला आवडतो.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन येतो, मोबाईलवर हा गेम चालत नाही. मायसाठी नवी गोधडी आणतोय. आणि थाळनेरच्या बाजारात शिरल्यावर डाव्या हाताला लोहारशाळा आहे, तिथे जरा थांबा. घणाचा आवाज ओळखीचा वाटेल. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं, पण मी रेकॉर्डिंग केलं होतं.

तुमचा,
केळीच्या कोयत्यावाला