जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला नेहमीप्रमाणे मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्यांना मिळालेली मुदतवाढही तात्पुरतीच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची अंगभूत सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे, एरवी ठणठणीत असलेले कितीतरी घरगुती संगणक अपात्र ठरले आहेत. दुकानात चौकशी करावी तर एकच सल्ला मिळतो, नवा घ्या. ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची शिस्त अंगवळणी पडलेल्या इंदूरकरांनी तरी हा सल्ला मुकाट्याने मानू नये, असे मला वाटते.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ज्याचा गाभा लिहायला घेतला, ते लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली, आज विनामूल्य मिळते आणि त्याची ‘लिनक्स मिंट’ ही आवृत्ती ४ जीबी रॅमच्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते. सुमारे तीन जीबीची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची, रूफससारख्या प्रोग्रॅमने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि संगणक त्यावरून सुरू करायचा, एवढेच काम असते. इन्स्टॉल करण्याचा जेवढा बाऊ केला जातो तेवढे ते अवघड नाही. नवशिक्याची अडचण होते ती त्याच्या आधी आणि नंतर, आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

फोटो, बँकेचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा मजकूर बंदिस्त करणारे विंडोजचे बिटलॉकर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवली नाही, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, साधा बदल केल्यावरही विंडोज ती मागत बसते आणि सगळा मजकूर हाती असून नसल्यासारखा होतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले की लगेच इन्स्टॉलचे बटण दाबू नये. हार्ड डिस्कला धक्का न लावता ते तसेच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासता येतात. काही जुन्या लॅपटॉपांच्या वायफायला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा. खरी दक्षता हवी ती पुढच्या एकाच पडद्यावर, कारण तिथे विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घालण्याचा आणि संपूर्ण डिस्क पुसण्याचा, असे दोन्ही पर्याय एकाखाली एक असतात.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना आणखी एक गंमत भेटते. लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. संगणक बिघडलेला नसतो. मदरबोर्डवरचे घड्याळ लिनक्स जागतिक वेळेनुसार लावते आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा दिली की हा घोळ मिटतो.

मराठी लिहिण्याची सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्येच असते, इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचनाही आणि उच्चारानुसारीही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मजकूर मात्र रोमन अक्षरांच्या खिचडीसारखे दिसतात. आपल्याकडच्या मंडळांच्या किती स्मरणिका आणि सभासद-याद्या अशा फाइलींत अडकून पडल्या असतील, देव जाणे! तो फॉन्ट घातला की त्या वाचता येतील, पण त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय त्या टिकणार नाहीत, मग संगणकात विंडोज असो वा लिनक्स.

लिनक्स सर्वांनाच सोयीचे आहे, असा माझा दावा नाही. हिशेबाचा टॅली हा प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाही आणि डिजिटल स्वाक्षरीची काही साधने रुसून बसतात, त्यामुळे सियागंज बाजारातल्या व्यापारी पेढ्यांना मी हे सुचवणार नाही. पत्रव्यवहार, इंटरनेट, नाट्यसंगीत ऐकणे आणि परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढाच ज्यांचा वापर आहे, त्यांचे मात्र काहीच अडणार नाही.

शहरातील मराठी वाचनालयांनी आणि मंडळांनी महिन्यातून एक रविवार यासाठी राखून ठेवावा, ही माझी विनंती आहे. इंदुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची वाण नाही. त्यांतील दोघे-तिघे आले तरी वर सांगितलेली पूर्वतयारी ज्येष्ठांकडून शेजारी बसून करवून घेता येईल. सुरुवात त्या संस्थांच्या कार्यालयांत धूळ खात पडलेल्या संगणकांपासूनच व्हावी. आपल्या रविवार पुरवणीत पूर्वतयारीची एखादी चौकट छापता आली, तर ती कापून संगणकाजवळ लावता येईल.

कळावे,
आपला,
एक ज्येष्ठ वाचक, रामबाग, इंदूर